वाचलेला वेळ कोणाचा?

वसंत व्याख्यानमालेत इतिहास हा विषय निघाला की श्रोत्यांची नजर आपोआप गडकोटांकडे, लढायांकडे आणि तहनाम्यांकडे वळते. ते योग्यच आहे. परंतु ते तहनामे ज्याने रात्र जागून लिहिले त्या कारकुनाच्या बोटांचाही एक इतिहास आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. आम्ही कामगार चळवळीतले. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. जे थोडेफार वाचले ते रात्रशाळेत, आणि पुढे युनियनच्या कचेरीत मोर्चे व वाटाघाटी यांच्यामधल्या वेळात. त्यामुळे इतिहासाकडे पाहताना आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की हे काम केले कोणी आणि त्याच्या पदरात काय पडले? आज हाच प्रश्न आम्ही एका अगदी लहान गोष्टीला विचारणार आहोत. थोडे लिहून पुष्कळ उमटविण्याची युक्ती, ही ती गोष्ट.

पाकिटावर पत्ता लिहिताना आपण 'मु. पो.' लिहितो, 'ता.' लिहितो, 'जि.' लिहितो. पोस्टमन ते मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असे मनातल्या मनात वाचतो. संगणकावर काम करणारी आजची मुले हीच युक्ती एक पाऊल पुढे नेतात. संगणकात एक लहानसा प्रोग्राम बसवितात आणि त्याला आधी एक यादी देतात. डाव्या बाजूस आखूड खूण, उजव्या बाजूस तिचा पूर्ण मजकूर. मग हा प्रोग्राम कळफलकावर पडणाऱ्या प्रत्येक बोटाकडे लक्ष ठेवून असतो. यादीतली खूण पुरी झाली की तो ती स्वतःच पुसतो आणि तिच्या जागी सबंध मजकूर उमटवितो. आमच्या कचेरीतलेच उदाहरण देतो. 'औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७' हे शब्द इन्स्क्रिप्ट पद्धतीच्या मराठी कळफलकावर काढावयाचे तर, मधल्या रिकाम्या जागा धरून, २८ कळा दाबाव्या लागतात. आम्ही त्यासाठी एक अर्धविराम आणि 'औवि' एवढीच खूण ठरविली होती. तिला कळा लागतात ४. बाकीच्या २४ कळांचे काम यंत्र करते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. लिहिणाऱ्याने जे गाळले ते कोणीतरी भरून काढावेच लागते. संक्षेप झाला की विस्तार आलाच. तेव्हा संक्षेप कोण करतो, विस्तार कोण करतो, आणि यात जो वेळ वाचतो तो कोणाच्या खाती जमा होतो, या तीन प्रश्नांचा धागा धरून आपण मागे जाऊ.

थेट रोमपर्यंत जावे लागेल. सिसेरो हा तेथला मोठा वक्ता. त्याचा टायरो नावाचा गुलाम होता, इ. स. पूर्व ५३ मध्ये सिसेरोने त्यास दास्यातून मुक्त केले. बोललेले भाषण जसेच्या तसे टिपून घेण्यासाठी लागणाऱ्या आखूड खुणांची पद्धत या टायरोच्या नावाने ओळखली जाते. प्लुटार्क सांगतो की इ. स. पूर्व ६३ मध्ये रोमच्या सिनेटात केटोचे भाषण झाले तेव्हा सिसेरोने अशा खुणा शिकविलेले लेखनिक सभागृहात ठिकठिकाणी बसविले होते. पुढे मध्ययुगात मठांतील लेखकांनी या खुणा वाढवीत नेल्या. त्यांतली 'आणि' या अर्थाची, इंग्रजी सातच्या आकड्यासारखी दिसणारी खूण आयर्लंडमधील पाट्यांवर आजही पाहावयास मिळते. परंतु आम्हांस सर्वांत बोलकी वाटते ती सेनेका या तत्त्ववेत्त्याची साक्ष. झरझर लिहिण्याच्या या खुणा म्हणजे अगदी हलक्या दर्जाच्या गुलामांची उपज होय, असे त्याने आपल्या एका पत्रात म्हटले आहे. त्याला त्या शोधाचे महत्त्व कमी करावयाचे होते. आम्ही मात्र ते वाक्य उलट्या बाजूने वाचतो. ज्याचा हात दुखत होता त्यानेच तोड काढली. भाषण सिसेरोचे राहिले, केटोचे राहिले. खुणांचा विस्तार करीत रात्री दिव्याजवळ कोण बसले असेल ते सांगावयास नको.

आता आपल्या घरी येऊ. मोडी लिपी देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने प्रचारात आणली असे परंपरा सांगते. ते काहीही असो, मोडीची घडणच वेगासाठी आहे. आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घ्यावयाच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर जोडीत जावयाचे. ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद मोडी करीत नाही. तेवढाच हात मोकळा. त्यावर संक्षेपांची भर. अक्षर लिहून पुढे दोन उभ्या रेघा मारल्या की शब्द मोडला असे समजावयाचे. 'रा॥' म्हणजे राजश्री, 'मौ॥' म्हणजे मौजे, 'प॥' म्हणजे परगणे, आणि तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र. पत्राच्या आरंभीचे 'सा. न. वि. वि.' तर आपल्यापैकी पुष्कळांच्या वडिलांनी लिहिलेले असेल. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे चार शब्द चार अक्षरांत मावले.

या पद्धतीत विस्तार करीत असे वाचणारा. लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून एकाच तालमीत तयार झालेले असत, म्हणून एकाचा संक्षेप दुसऱ्याला अडत नसे. दोघांचाही वेळ वाचे. ही व्यवस्था आम्हांस त्यातल्या त्यात न्यायाची वाटते. तिचे देणे पुढच्या पिढ्यांवर आले. मोडी वाचणारे विरळ झाले आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल उलगडावयास खास माणसे लागू लागली. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. त्या प्रत्येक पानामागे कोणा मोडी वाचकाचे डोळे झिजलेले आहेत. दीडदोनशे वर्षांपूर्वी वाचलेल्या क्षणांचा विस्तार त्यांनी केला.

इंग्लंडात आयझॅक पिटमनने १८३७ साली आपली लघुलेखनाची पद्धत छापून प्रसिद्ध केली. स्पेलिंग सोडून द्यावयाचे आणि कानावर पडलेला उच्चार रेघांनी, ठिपक्यांनी टिपावयाचा, हे तिचे तत्त्व. वारंवार येणाऱ्या शब्दांना एकेक ठराविक खूण. आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा पिटमनचे वर्ग चालत, आणि गरीब घरच्या कित्येक मुलामुलींना या रेघोट्यांनी कचेरीचे दार उघडून दिले. हे ऋण आम्ही विसरत नाही. परंतु हिशेब मांडून पाहा. साहेब मिनिटाला १०० शब्दांच्या वेगाने १० मिनिटे मजकूर सांगतो. शब्द झाले १०००. ते टिपण्यात लघुलेखकाची १० मिनिटे गेली. मग त्याने टंकलेखन यंत्रावर बसावयाचे. मिनिटाला ४० शब्द धरले तरी २५ मिनिटे लागतात. साहेबाची १० मिनिटे, लघुलेखकाची ३५. साहेबाने हाताने लिहिले असते तर त्याचा तासभर गेला असता; तो वाचला. म्हणजे येथे संक्षेपही कामगाराचा, विस्तारही कामगाराचा, आणि वाचलेला वेळ तेवढा तिसऱ्याचा.

याच सुमारास तारायंत्र आले. १८४४ साली वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी मोर्सची तार गेली, आणि १८५५ पासून हिंदुस्थानातही तारखाते सर्वसामान्यांस खुले झाले. मोर्सच्या संकेतातच एक शहाणपण आहे. इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या 'ई' या अक्षराला केवळ एक टिंब. जे पुन्हा पुन्हा लागते ते सर्वांत आखूड असावे, हा नियम संगणकावर खुणांची यादी करणाऱ्याने आजही पाळावा.

वर्तमानपत्रांच्या बातम्या तारेने जाऊ लागल्या तेव्हा एवढ्याने भागेना. १८७९ साली वॉल्टर फिलिप्स या अमेरिकन तारमास्तराने बातम्यांतील नेहमीच्या शब्दांचा आणि शब्दसमूहांचा एक संक्षेपकोश प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला वर्तमानपत्रे 'पोटस' आणि तेथल्या सर्वोच्च न्यायालयाला 'स्कॉटस' म्हणतात, ते शब्द या कोशातून आले आहेत. पाठविणारा आखूड खुणा टिकटिकवी, आणि पलीकडचा तारमास्तर कानाने त्या ऐकत ऐकत हाताने पूर्ण वाक्ये उतरवी. कान संक्षेपात आणि हात विस्तारात! संगणकातला प्रोग्राम आज जे करतो ते हा माणूस डोक्यात करीत होता, तेही तासन्‌तास. तारेवरून जास्त बातम्या जाऊ लागल्या. कंपनीने तेवढ्यासाठी दुसरी तार टाकली नाही.

मग या माणसांनी काही मागितले की नाही? मागितले. जुलै १८८३ मध्ये अमेरिकेतील तारमास्तरांनी मोठा संप केला. दिवसपाळीला आठ तास, रविवारच्या कामाचा जादा मोबदला, पगारवाढ, आणि स्त्रीपुरुषांस समान कामासाठी समान वेतन, या त्यांच्या मागण्या होत्या. संप सुमारे महिनाभरात मोडला. पण शेवटची मागणी पुन्हा वाचा. १८८३ साली ती मागणी करणारी माणसे काळाच्या किती पुढे होती! आपल्याकडे १९०८ हे वर्ष आपणा सर्वांस पाठ आहे ते लोकमान्यांच्या शिक्षेमुळे आणि त्यासाठी मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या सहा दिवसांच्या संपामुळे. परंतु त्याच वर्षी, त्याच्या थोडे आधी, कलकत्ता, मुंबई, रंगून अशा ठिकाणच्या तारमास्तरांनीही काम थांबविले होते. कामाच्या तासांची नवी व्यवस्था हे त्यांच्या असंतोषाचे एक कारण होते. तारेवरचा निरोप वेगाने जातो म्हणून तारेजवळचा माणूसही त्याच वेगाने राबावा, ही अपेक्षा त्यांनी नाकारली.

तारखात्याचीच एक गोड आठवण सांगून पुढे जाऊ. आमच्या वयाच्या मंडळींना शुभेच्छांच्या तारा आठवत असतील. तारखात्याने ठराविक शुभेच्छांना क्रमांक दिले होते. दिवाळीच्या शुभेच्छांना एक, दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी आठ. आपण फॉर्मवर आकडा लिहावयाचा, तारेवरून आकडाच जावयाचा, आणि पलीकडच्या कचेरीत तो आकडा पाहून कारकून सबंध वाक्याची तार वधूवरांच्या दारी धाडावयाचा. संगणकावरच्या आखूड खुणेचे याहून स्वच्छ रूप आम्हांस दाखविता येणार नाही. १५ जुलै २०१३ रोजी आपल्या देशातली तारसेवा बंद झाली आणि तो आठचा आकडाही गेला.

यंत्राने विस्तार करण्याचा काळ त्यामानाने अलीकडचा. साधे टंकलेखन यंत्र प्रामाणिक होते. जेवढ्या कळा तेवढी अक्षरे. १९६४ साली आय. बी. एम. कंपनीने चुंबकीय फितीवर मजकूर साठवून पुन्हा उमटविणारे टंकलेखन यंत्र बाजारात आणले, आणि तेव्हापासून नेहमीचे परिच्छेद यंत्राच्या पोटात ठेवण्याची सोय झाली. पुढे संगणकावर लेखनाचे प्रोग्राम आले. १९९३ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये चुकीचा शब्द आपोआप दुरुस्त करण्याची सोय आली. लोकांनी लवकरच ओळखले की 'चूक' म्हणून आखूड खूण नोंदविली तर 'दुरुस्ती' म्हणून सबंध वाक्य मिळते. नंतर केवळ याच कामासाठी किंवा मुख्यतः यासाठी वापरता येणारे प्रोग्राम निघाले; २००३ मध्ये ऑटोहॉटकी, २००६ मध्ये टेक्स्टएक्स्पांडर, २०१९ मध्ये एस्पान्सो. यांतला पहिला आणि शेवटचा फुकट मिळतो. आजच्या मोबाइल फोनमध्येही ही सोय असते.

ज्या श्रोत्यांस ही युक्ती वापरावयाची असेल त्यांना अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की खूण म्हणून भाषेतला खरा शब्द कधी घेऊ नये. 'सभा' ही खूण ठेवाल तर सभा हा शब्द लिहिणेच अशक्य होईल. म्हणून खुणेआधी अर्धविरामासारखे एखादे चिन्ह लावावे. दुसरी गोष्ट आम्ही फजिती करून घेऊन शिकलो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा जुना कायदा मागे पडला. आम्ही त्यावर सभा घेतल्या, लोकांना समजावून सांगितले. आणि त्यानंतर पंधरवड्याने आमच्याच सहीचे एक पत्र गेले, त्यात ठळकपणे १९४७ चा कायदा! बोटांनी सवयीने 'औवि' दाबले, यंत्राने इमानाने जुने नाव उमटविले, आणि आम्ही न वाचता सही केली. समोरच्या अधिकाऱ्याने ते वाक्य आम्हांस हसत वाचून दाखविले. मोडीतला कारकून विस्तार करताना विचारही करीत असे. यंत्राने विस्तार केला तरी वाचण्याचे काम माणसाचेच राहते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आमच्या कचेरीत आली. परदेशातील डॉक्टरांनी सांगून ध्वनिमुद्रित केलेल्या रुग्णांच्या नोंदी ऐकून टाइप करण्याचे काम ती रात्रपाळीत करीत असे. या धंद्यात मजुरी ओळीवर असते आणि ओळ मोजतात ती रिकाम्या जागांसह ६५ अक्षरचिन्हांची. तिने पहिल्याच वर्षी ओळखले की डॉक्टर लोक तीच तीच वाक्ये पुन्हा पुन्हा बोलतात. घरी बसून, सुट्टीच्या दिवशी, तिने खुणांची यादी करावयास घेतली. चार वर्षांत तिच्या यादीत दोन हजारांवर खुणा झाल्या. 'रुग्णाची प्रकृती स्थिर असून त्यास घरी सोडण्यात आले' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य ती तीन अक्षरांत बसवी. तिच्या ओळी इतरांच्या दीडपट भरू लागल्या, आणि मनगटाचे दुखणेही कमी झाले.

व्यवस्थापकांनी तिचे कौतुक केले. मग तिची यादी मागून घेतली आणि ती सर्वांच्या संगणकावर बसविली. दोन महिन्यांनी सर्वांचे रोजचे लक्ष्य वाढले, आणि पुढच्या तिमाहीत ओळीचा दर उतरला. कापड गिरणीतले जुने कामगार हा खेळ ओळखतील. तुकड्यावर काम करणाऱ्याने हात चलाख केला की तुकड्याचा दर खाली येतो. शेवटी ती मुलगी पूर्वीइतक्याच पैशांसाठी पूर्वीहून जास्त ओळी भरू लागली, आणि बाकीच्या मुली तिलाच बोल लावू लागल्या. ती आमच्यासमोर बसून म्हणाली, "दादा, मी युक्ती काढली ही माझी चूक झाली का?"

आम्ही तिला सेनेकाची गोष्ट सांगितली नाही. तेव्हा आम्हांसही ती ठाऊक नव्हती. आम्ही व्यवस्थापकांकडे गेलो. तीन बैठकी झाल्या. दर पूर्ववत झाला नाही. लक्ष्य थोडे उतरले आणि दर दोन तासांनी १० मिनिटांची विश्रांती लेखी मिळाली, एवढेच पदरी पडले. नोकरी सोडताना तिने आपली यादी मागितली तेव्हा ती कंपनीची मालमत्ता आहे असे उत्तर आले. रुग्णांची नावे आणि माहिती बाहेर जाता कामा नये हे आम्हांसही मान्य होते. पण त्या यादीत रुग्ण नव्हते, तिची बोटे होती. तिने तीन आठवडे बसून आठवतील तेवढ्या खुणा दोनशे पानी वहीत पेनाने लिहून काढल्या, आणि नव्या ठिकाणी पुन्हा टाइप केल्या.

काही लोक आम्हांस विचारतात, तुम्ही युनियनवाले यंत्राच्या विरुद्ध ना? १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकास विरोध केला, कलकत्त्यात इलॅको हाउस या इमारतीत संगणक बसू नये म्हणून पहारे दिले, हा इतिहास आहे. यंत्र आले तर माणूस रस्त्यावर येईल, ही त्यांची भीती होती. पुढे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नावर १९७२ साली अहवाल दिला, आणि १९८३ मध्ये बँकांत संगणक आणण्याबाबत कर्मचारी संघटना व बँका यांच्यात करार झाला. त्या करारामागची कल्पना आम्हांस आजही मोलाची वाटते. यंत्र येण्याआधी बसून बोलावयाचे, आणि त्याचे फळ कोणाला किती, हे कागदावर आणावयाचे.

टायरोपासून त्या मुलीपर्यंत युक्ती काढली ती राबणाऱ्या हातानेच. हात थकतो म्हणून बुद्धी धावते, हा मनुष्याचा मोठेपणा आहे, आणि ज्याला दिवसभर कळफलकावर काम आहे त्याने ही युक्ती अवश्य शिकावी. घरचा पत्ता, नेहमीचे मायने, अर्जाचा आरंभ आणि शेवट एवढ्यापासून सुरुवात करावी. मात्र वाचलेला वेळ हवेत राहत नाही. त्याची वाटणी कोणी ठरविली नाही, तर ज्याचे घड्याळ मोठे त्याच्याकडे तो जातो.

म्हणून आमच्या पुढच्या मागणीपत्रात आम्ही दोन कलमे घातली आहेत. गोपनीय मजकूर वगळून, कामगाराने स्वतः केलेल्या खुणांची यादी नोकरी सोडताना त्याला नेता यावी. आणि अशा युक्तीने काम लवकर होऊ लागल्यास, लक्ष्य वाढविण्यापूर्वी वाचलेल्या वेळाचा निम्मा वाटा विश्रांती किंवा वेतन या रूपाने कामगारास मिळावा. ही दोन्ही कलमे टाइप करताना आम्ही खूण वापरली नाही. एकेक अक्षर काढले, आणि सही करण्यापूर्वी दोनदा वाचले.